तुम्हीपण चला ना!

सोलो शहरात कुणी तुम्हाला "तुम्हीपण चला ना" म्हणालं, तर जायचं नसतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. समोरचा बोलावतो, आपण "नको नको, तुम्ही या जाऊन" म्हणतो. तो पुन्हा बोलावतो, आपण पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा दोघंही हसतात आणि आपापल्या घरी जातात. कुणाच्या खिशाला खार लागत नाही, आणि आपण किती चांगले आहोत असं दोघांनाही दिवसभर वाटत राहतं. तेव्हा पुढे जे काही महाभारत झालं, त्यात हेंदार्तोची चूक एवढीच की तो चांगल्या वळणाचा माणूस होता.

हेंदार्तो एका विमा कचेरीत कारकून. माणूस इतका गरीब स्वभावाचा की रस्त्यात कुत्रं आडवं झोपलं असलं तर स्कूटर बंद करून ते उठायची वाट बघायचा. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. साहेबाच्या भाचीचं लग्न आलं, तो गेला. गल्लीतली गटारं साफ करायची निघाली, तो पहिला उतरला. कुठला तरी लांबचा चुलतभाऊ न कळवता येऊन थडकला, त्याला गाव दाखवत फिरला. आता योगायोग असा की हे तिन्ही रविवार त्याने आपल्या मुलीला दिलेले होते.

मुलगी गलुह, आठ वर्षांची. नदीपलीकडच्या प्राणीसंग्रहालयात पाणघोडीला पिल्लू झालं होतं आणि तिच्या वर्गातली झाडून सगळी पोरं ते बघून आली होती. पहिला रविवार बुडाला तेव्हा गलुह दिवसभर रडली. दुसरा बुडाला तेव्हा जेवली नाही. तिसऱ्या वेळी काहीच केलं नाही. आणि आता, चौथ्या खेपेला, "उद्या नक्की हं!" असं हेंदार्तोने छातीठोकपणे सांगितलं, तर ती मान झुकवून म्हणाली, "बरं, बाबा. तुम्हाला सवड झाली तर जाऊ."

एरवी बापाला अरे-तुरे करणारी पोर, आणि बोलली ती शाळेतल्या मास्तरांशी, पाहुण्यांशी बोलावं तसं.

"किती शहाणी झाली ना?" हेंदार्तो बायकोला म्हणाला.

लास्त्री मिरच्या वाटत होती. तिने मान वर केली नाही. "शहाणी कसली? तुमच्यावरचा भरवसा उडालाय तिचा. पोर हट्ट करते ना, ती मिळेल असं वाटतं म्हणून करते. हिने हट्ट करायचं सोडलंय."

हेंदार्तोला ते फार लागलं. तो बाहेर गेला आणि स्कूटर धुवायला लागला. काही मनाला लागलं की स्कूटर धुवायची, अशी त्याची पद्धत होती. गल्लीत त्याची स्कूटर सगळ्यात स्वच्छ असायची.

स्कूटरवर पुढे चार वर्षांचा धाकटा बिमो, मागे लास्त्री, मध्ये गलुह. पूल ओलांडला की प्राणीसंग्रहालय, पोचायला दहा मिनिटं. बेत असा सरळ होता. इतक्यात बाजाराची पिशवी घेऊन मार्पाउंगबाई आल्या.

मार्पाउंगबाई गल्लीत नव्या. त्या तोबा तळ्याकडच्या, बाताक लोकांच्या मुलखातल्या. तिकडची माणसं बोलतात ते भांडल्यासारखं वाटतं आणि भांडतात ते ऐकवत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. बाईंचा आवाज असा की त्यांनी स्वतःच्या घरात मीठ मागितलं की तीन घरांतून मीठ यायचं.

"काय पाक हेंदार्तो, लग्नाला निघाली का स्कूटर?" आमच्याकडे पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.

"नाही हो बू. उद्या मुलांना पाणघोडा दाखवायला नेतोय," हेंदार्तो हसून म्हणाला, आणि श्वास सोडावा इतक्या सहज पुढे म्हणाला, "तुम्हीपण चला ना!"

"चला!" मार्पाउंगबाई म्हणाल्या.

हेंदार्तोच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. पुढचं वाक्य बाईंचं होतं. "नको नको" हे ते वाक्य. ते आलंच नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली, अजूनही येईल म्हणून.

"पण उद्या रविवार, आमचं चर्च असतं," बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी जाऊ. मी मासा करून आणते. आमच्याकडचा, झणझणीत. कान लाल होतात. स्कूटरवर कसं मावणार पण आपण?"

हेंदार्तो हसला. आमच्या सोलोत डोक्यावर छप्पर कोसळलं तरी माणूस आधी हसतो. मग तो घरात गेला आणि गलुहला म्हणाला की उद्याच्याऐवजी पुढचा शनिवार.

"बरं, बाबा," गलुह म्हणाली.

लास्त्री मात्र बरं म्हणाली नाही. ती जे म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता गल्लीत एक घर सहलीला निघालं तर ती त्यांची खासगी बाब. दोन घरं निघाली की तो उरलेल्यांचा अपमान. सोमवारी संध्याकाळी गल्लीप्रमुख पाक सुतिक्नो फाटकापाशी येऊन उभे राहिले. हे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटून आठ वर्षं झाली होती, पण गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा त्यांना बघून रांगेत चालायच्या.

"ऐकलं की प्राणीसंग्रहालयाला निघालात. छान," ते म्हणाले. मग जरा आभाळाकडे बघून पुन्हा म्हणाले, "छान."

एकदा छान म्हणजे छान. दोनदा छान म्हणजे माणूस घायाळ झालाय. हेंदार्तो कळवळला. "अहो, तुम्हाला विचारायलाच येणार होतो! तुम्हीपण..."

स्वयंपाकघरात लास्त्रीने पातेलं आपटलं. उशीर झाला होता.

बुधवारी पाक सुतिक्नोंच्या ओसरीवर बैठक भरली. आल्याचा चहा, तळलेली केळी. आमच्याकडे तीन माणसं जमली की समिती होते, पाच जमली की तिच्या उपसमित्या. अध्यक्ष पाक सुतिक्नो. मग खाद्यविभाग, वाहनविभाग, छायाचित्रविभाग, आरोग्यविभाग (गल्लीतल्या एका आजींकडे बामाची बाटली होती) आणि करमणूकविभाग. सगळी पदं वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की हेंदार्तो राहिला. त्याला सल्लागार केलं. आमच्याकडे ज्याला कुणी काही विचारायचं नसतं, त्याला सल्लागार करतात.

"एक सुचवू का?" सल्लागार म्हणाला. "आपण आपापल्या स्कूटरींनी गेलो तर? पूल ओलांडला की झालं."

सगळे प्रेमाने हसले आणि बस ठरली.

त्यानंतर सल्ल्यांना ऊत आला. पाणघोड्याकडे उपाशीपोटी बघू नये, पोरं आळशी होतात. भरल्या पोटीही बघू नये, मळमळतं. माकडांपुढे दात काढू नयेत. मगरीसमोर उधारीचा विषय काढू नये, हे कुणी का सांगितलं ते अजून कळलेलं नाही. मग सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे ठरले आणि रंगावरून तास गेला. हिरवा नको, हिरव्या सिलिंडरचे गॅसवाले वाटू. पांढरा नको, बायका म्हणाल्या, तुम्ही धुणार का? शेवटी नारिंगी ठरला. नारिंगी कपडे पकडलेल्या पुढाऱ्यांना घालतात, असं एकाने दबक्या आवाजात सांगितलं, पण कापड स्वस्त होतं. पाठीवर गल्लीचं नाव, छातीवर ज्याचं त्याचं पद.

एवढ्या लोकांची तिकिटं सवलतीत हवीत तर वॉर्डाचं पत्र लागतं. ते आणायला कुणी जायचं, यावर एकमत झालं. असल्या कामावर आमच्याकडे चटकन एकमत होतं. हेंदार्तो कचेरीतून अर्धी रजा टाकून गेला. वॉर्डप्रमुख लुराहसाहेब अर्ज वाचून म्हणाले, "सहलीचा उद्देश?"

"पाणघोडा."

"पाणघोडा हा उद्देश होऊ शकत नाही," लुराहसाहेब शांतपणे म्हणाले. "पाणघोडा हा प्राणी आहे."

"मग... पिल्लूपण आहे साहेब."

"लिहा. सामाजिक सलोखा आणि निसर्गशिक्षण."

हेंदार्तोने लिहिलं. सही झाली, शिक्का बसला. इतक्या सुखासुखी सुटलो या आनंदात तो उठला, दारापर्यंत गेला, आणि आभार मानायला म्हणून वळला, तर काय सांगावं, जीभ आपसूक वळली. "साहेब, तुम्हीपण चला ना!"

लुराहसाहेब अस्सल सोलोचे. त्यांनी रीतसर तीनदा नको म्हटलं. पण सरकारी माणसाला समारंभ म्हटलं की राहवत नाही. हेंदार्तो उंबरा ओलांडतोय तोच मागून आवाज आला, "भाषण साधारण किती वेळ करायचं?"

त्या रात्री लास्त्रीने सुईदोरा नवऱ्यापुढे ठेवला. "तोंड शिवून घ्या," ती म्हणाली. "मी शिवू?"

शनिवार उजाडला. बस सातला निघणार होती, म्हणजे आठला माणसं आंघोळीला गेली. बस गल्लीत शिरेना. शिरली ती निघेना. एका घराच्या कुंड्या उचलल्या, दुसऱ्या घराचा पिंजरा उतरवला, पाक सुतिक्नो शिट्टी फुंकत पुढे आणि बस मुंगीच्या पावलांनी मागे. पायी गेलो असतो तर एव्हाना दोनदा जाऊन आलो असतो. दहा मिनिटांच्या प्रवासात दोन पोरांना बस लागली आणि आरोग्यविभागाने सगळ्या बसला बाम चोळला.

गलुह खिडकीशी बसली होती. लहान मापाचे टी-शर्ट संपले म्हणून तिला मोठ्या माणसाचा मिळाला होता. तो घोट्यापर्यंत येत होता आणि छातीवर लिहिलं होतं, 'वाहनविभाग'.

"मजा येतेय ना?" हेंदार्तोने विचारलं.

"हो बाबा. सगळ्यांनी फार कष्ट घेतलेत," ती म्हणाली. आठ वर्षांची पोर! हेंदार्तोने खिडकीबाहेर तोंड वळवलं.

प्राणीसंग्रहालयाच्या फाटकावरच पाटी होती, 'पाणघोडे दुपारी तीन वाजता आत घेतले जातात.' हेंदार्तोने ती वाचली आणि मनात म्हटलं, चिक्कार वेळ आहे. पण आमच्या लोकांनी आत शिरल्या शिरल्या पहिलं मोठं झाड बघितलं आणि चटया अंथरल्या. मोठा फलक बांधला. त्यावर पाणघोड्याचा फोटो लहान आणि लुराहसाहेबांचा मोठा होता. गंमत म्हणून नव्हे, छायाचित्रविभागाकडे साहेबांचाच फोटो चांगला निघालेला होता. करमणूकविभागाने कीबोर्डवाला आणला होता. लाउडस्पीकर लागला. पलीकडच्या पिंजऱ्यातली माकडं गजांशी येऊन बसली. आज त्यांची सहल होती.

मग प्रार्थना झाली. अध्यक्षांचं स्वागतपर भाषण झालं. लुराहसाहेबांनी सामाजिक सलोख्यावर सुरुवात केली आणि निसर्गशिक्षणावर पोचेपर्यंत एक आजी झोपून उठल्या. मग गाणी. मग सोडत, पहिलं बक्षीस भात शिजवायचं भांडं. मग केळीच्या पानात बांधलेला भात, सोयाबीनचं तळलेलं टेंपे, चटणी, आणि मार्पाउंगबाईंचा मासा, जो खाऊन लुराहसाहेबांचे कान खरोखर लाल झाले. मग पुन्हा गाणी.

अडीच वाजले. गलुह चटईच्या टोकाला मांडी घालून, हात जोडून बसली होती. टाळ्या वाजवायच्या तिथे वाजवत होती. हेंदार्तो सरकत सरकत तिच्याजवळ गेला. "गलुह, तीन वाजता ते आत नेतात बघ त्यांना..."

"असू दे, बाबा," गलुह म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

तिने बापाचा हातसुद्धा थोपटला. तिसरीतल्या पोरीने बापाची समजूत घालावी! आज पाणघोडा दिसला नाही तर ही पुन्हा कधी आपल्याकडे काही मागायची नाही, हे त्याला लख्ख कळलं. तो उठला.

उठला खरा, पण निरोप न घेता जायचं कसं? तो वाकून, उजवा हात पुढे करून, एकेकाचा निरोप घेत निघाला. "जरा जाऊन येतो हं." पहिल्याने त्याच्या हातात भाताचं पुडकं दिलं, आधी खा. दुसरीने क्रुपुकची, म्हणजे तळलेल्या पापडांची पिशवी दिली, हवा लागू देऊ नका. तिसरीने "एक मिनिट धरता?" म्हणून आपलं तान्हं बाळ दिलं. अर्धी चटई होईपर्यंत हेंदार्तोच्या कडेवर बाळ, काखेत पिशवी, हातात पुडकं, आणि कुणीतरी खांद्याला धरून त्याला पुन्हा बसवलेलं.

मार्पाउंगबाई समोरच होत्या. "पाक हेंदार्तो, तुम्हाला जायचंय ना?"

"छे छे, तसं काही नाही..."

"हो की नाही ते सांगा! मला तर बाई जायचंय. पाणघोडा म्हणाला होतात तुम्ही. मी सकाळपासून लुराहसाहेब बघतेय."

त्याच वेळी माइकवरून पाक सुतिक्नोंचा आवाज घुमला, "आणि आता ज्यांच्या कल्पनेतून ही सहल साकारली, ते आपले सल्लागार दोन शब्द बोलतील!"

टाळ्या पडल्या. हेंदार्तोने बाळ मार्पाउंगबाईंकडे दिलं आणि माइक हातात घेतला. समोर सगळी नारिंगी गल्ली हसत बसली होती.

"मान्यवर लुराहसाहेब, आदरणीय अध्यक्ष," त्याने सुरुवात केली. मग थांबला. चटईच्या टोकाला गलुह टाळ्या वाजवायला हात तयार ठेवून बसली होती.

"मी बोलणार नाही," हेंदार्तो म्हणाला.

लोक हसले. विनयच वाटला त्यांना.

"नाही, खरंच नाही. मी जेवणारही नाही. फोटोलाही थांबणार नाही. मला माझ्या मुलीला पाणघोडा दाखवायचाय. चार आठवडे झाले, मी तिला फसवतोय. मी निघालो. तुम्ही..."

आणि इथे, बघा, त्याची जीभ पुन्हा वळायला लागली. तीच ती सवय. लास्त्रीने चटईवरून डोळे वटारले. हेंदार्तोने दात आवळले.

"तुम्ही बसा," तो म्हणाला.

सोलोच्या इतिहासात लाउडस्पीकरवरून असलं उद्धट वाक्य कुणी उच्चारलं नसेल. लुराहसाहेबांचे कान, ज्यांची लाली नुकतीच उतरली होती, पुन्हा लाल झाले. कीबोर्डवाल्याने घाबरून एक सूर दाबून ठेवला तो सोडलाच नाही. हेंदार्तोने माइक खाली ठेवला, गलुहचा हात धरला, बिमोला लास्त्रीने उचललं, आणि चौघं पळत सुटली. कुणाचा निरोप नाही, वाकणं नाही, काही नाही. गलुह टी-शर्टमध्ये अडखळत होती, तर बापाने तिला उचलून खांद्यावरच टाकलं.

हौदाशी पोचले तेव्हा तिथला राखणदार आतलं लोखंडी दार उघडून रताळ्याचे वेल दाखवत होता. पाणघोडी पाण्यातून बाहेर निघाली होती. हत्तीएवढं धूड सावकाश दाराकडे चाललेलं, म्हणजे आमच्या मंडळींना दर्शन झालं ते फक्त मागच्या बाजूचं.

"पिल्लू कुठाय?" गलुह ओरडली. "बाबा, पिल्लू! पुढे चला ना, अजून पुढे!"

हेंदार्तो तिला घेऊन अगदी कठड्याला टेकला. पिल्लू आईच्या पोटामागून निघालं, त्याने जांभई दिली, गुलाबी तोंड हे एवढं मोठं! गलुहने किंकाळी फोडली. आणि नेमकी त्याच वेळी पाणघोडी दारात थांबली. तिने शेपूट हलवायला सुरुवात केली. पंख्यासारखी, भरभर. पाणघोडा अशी शेपूट का हलवतो, याबद्दल निसर्गशिक्षणावरच्या भाषणात काहीही आलं नव्हतं.

शेणाचा फवारा आला तो थेट सल्लागारावर. गलुह खांद्यावर उंच होती, ती पायांवरच्या शिंतोड्यांवर सुटली. हेंदार्तो डोक्यापासून ढोपरापर्यंत न्हाऊन निघाला. छातीवरचं पदही वाचता येईना.

मग गलुह खांद्यावरून घसरत खाली आली, बापाकडे बघितलं, आणि हसायला लागली. अशी हसली की जमिनीवर बसली, पोट धरून लोळली. लास्त्री हसली, बिमोला काही कळलं नाही तरी तो हसला. आणि हेंदार्तो, ज्याने घरातून निघताना भांगसुद्धा नीट पाडला होता, तो नखशिखांत शेणात उभा राहून हसत होता. कित्येक महिन्यांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये सोलोच्या रीतीप्रमाणे कुणी काही बोललं नाही. "आज पुढे वारा छान लागतोय," असं म्हणत एकेक जण उठून पुढे गेला, आणि थोड्या वेळाने सगळी गल्ली बसच्या पुढच्या भागात एकमेकांच्या मांडीवर बसलेली होती. पाक सुतिक्नोंनी हेंदार्तोकडे बघितलंही नाही. मार्पाउंगबाई मात्र पुढूनच ओरडल्या, "काय घाण वास येतोय हो तुमचा! पण बरं केलंत! मीपण आले होते मागून, पिल्लू बघितलं!"

मागच्या लांबलचक बाकावर फक्त हेंदार्तो आणि गलुह. ती एका हाताने नाक दाबून बसली होती आणि दुसऱ्या हाताने तिने बापाचा अंगठा गच्च धरला होता.

"बाबा, उद्या परत यायचं."

"उद्या? अगं, उद्या..."

"उद्याच! आणि आपण आपणच. तू कुणाला सांगायचं नाहीस. सांगितलंस तर बघ! आणि बिमोला खांद्यावर नाही घ्यायचं, मलाच. आणि मला मगर दाखवायची. आणि येताना बर्फाचा गोळा, दोन. आणि घरी पाणघोड्याचं पिल्लू आणायचं."

"पिल्लू नाही आणता येणार," हेंदार्तो म्हणाला.

"का नाही? तुला काही जमतच नाही! आपला हौद आहे ना मागे?"

"आणि गोळा एकच."

"दोन!"

"एक."

"दोन म्हणजे दोन!" गलुहने पाय आपटले. अंगठा तिने सोडला नव्हता. ती भांडत राहिली, तो नाही नाही म्हणत राहिला, आणि बस पुलावर चढली तेव्हा हेंदार्तोला वाटलं, आपलं घर जरा आणखी लांब असायला हवं होतं.